झाइसे: खनिजाला तरंगायला लावणाऱ्या पिवळ्या रसायनाचा जनक

फोनच्या सर्किटमधलं तांबं खाणीतून निघतं तेव्हा दगडात त्याचं प्रमाण बहुतेकदा १ टक्क्याहूनही कमी असतं. मग तो दगड दळून पाण्यात कालवतात, त्यात चिमूटभर झँथेट टाकतात आणि हवा सोडतात. तांब्याचे कण बुडबुड्यांना चिकटून फेसात वर येतात, बाकीचा दगड खाली. हे झँथेट ज्याने शोधलं, त्याने खाणीचा विचारही केला नव्हता.

विल्यम क्रिस्तोफर झाइसे १७८९ साली डेन्मार्कमधल्या स्लागेल्से गावात जन्मला. वडील औषधविक्रेते. कोपनहेगनला आल्यावर त्याला गुरू भेटला तो थेट ओर्स्टेड, म्हणजे विजेच्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते हे १८२० मध्ये दाखवणारा शास्त्रज्ञ. झाइसे त्याच्याकडे राहिला, त्याचा मदतनीस झाला, पुढे गटिंगेन आणि पॅरिसला शिकून परत आला.

१८२२ च्या सुमारास त्याने अल्कोहोल, पोटॅश आणि दुर्गंधीयुक्त कार्बन डायसल्फाइड एकत्र केलं. मिळालेल्या क्षारात तांब्याचा क्षार टाकला की पिवळा साका बसायचा. ग्रीकमध्ये पिवळा म्हणजे झँथोस, त्यावरून झँथेट. गंमत म्हणजे त्या साक्यासोबत आणखी एक गोष्ट घडत होती. तांबं झँथेटकडून इलेक्ट्रॉन काढून घेत होतं आणि झँथेटचे दोन-दोन रेणू गंधकाच्या बंधाने जोडले जाऊन डायझँथोजेन हे तेलकट द्रव्य बनत होतं. हेच ते ऑक्सिडेशन, जे आज खाणीच्या टाक्यांत चालतं.

१८३४ मध्ये त्याने मर्कॅप्टन शोधलं. गॅस सिलिंडर गळला की येणारा वास आठवा, तो याच कुटुंबातला. त्याआधीच प्लॅटिनमचा एक क्षार बनवून त्यात इथिलीनचा अंश आहे असं तो म्हणाला होता. जर्मनीतला दबदबा असलेला लीबिग त्याच्यावर तुटून पडला. झाइसे हटला नाही, पण १८४७ मध्ये, ५८ व्या वर्षी गेला. तो बरोबर होता हे १८६८ मध्ये सिद्ध झालं. लीबिगसमोर उभं राहायला काय लागलं असेल, कल्पना करा.

खाणींच्या कामात मात्र झँथेट शंभर वर्षं जवळजवळ बेरोजगार होतं. १९२५ मध्ये कॉर्नेलियस केलरला खनिज तरंगवण्यासाठी त्याचं पेटंट मिळालं आणि चित्र पालटलं. झँथेटचं एक टोक सल्फाइडला धरतं, दुसरं तेलकट टोक पाण्याला टाळतं. पण हवेतला ऑक्सिजन नसेल तर हे नीट जमत नाही. सल्फाइड वीज वाहून नेतं, त्यामुळे प्रत्येक कण इवल्याशा बॅटरीसारखा वागतो: एका जागी ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेतो, दुसऱ्या जागी झँथेट ते देतं. ओर्स्टेडच्या शिष्याचं रसायन शेवटी विजेवरच चालतं!

गॅलेनावर, म्हणजे शिशाच्या खनिजावर, यातून मुख्यतः लेड झँथेट बनतं, तर पायराइटवर डायझँथोजेन. पायराइट म्हणजे लोखंडाचं सल्फाइड, तांब्याच्या कारखान्याला नको असलेला पाहुणा. म्हणून टाकीत चुना घालतात. पायराइटवर लोखंडाच्या हायड्रॉक्साइडचा थर चढतो, तिथे डायझँथोजेन बनणं अवघड होतं आणि तो बुडतो. खनिजच जास्त ऑक्सिडाइझ झालं तर तांब्याच्या कणांचीही हीच गत होते, त्यामुळे दळलेला माल फार वेळ पडू देत नाहीत.