हल हाउसची शेजारीण

मैत्रिणींनो, पोरगं शाळा बुडवायला लागलं, घरातले पैसे कमी व्हायला लागले की पुढे काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. आधी पोराला मार, मग आईला बोल. त्या पोराच्या मनात काय चाललंय हे कोर्टात आणि दवाखान्यात विचारायची पद्धत तशी नवीनच आहे, शे-सव्वाशे वर्षांची. ती ज्यांनी पाडली त्यांच्यात शिकागोची जेन ॲडम्स होती. १९३१ मध्ये तिला शांततेचं नोबेल मिळालं, ते मिळवणारी ती पहिली अमेरिकन स्त्री. मला मात्र तिची दुसरीच गोष्ट सांगायचीय.

जेनचा जन्म १८६० चा, इलिनॉय राज्यातल्या सीडरव्हिल गावातला. दोन वर्षांची असताना आई गेली. लहानपणीच मणक्याला क्षय झाला आणि पाठ वाकडी राहिली. वडील गिरणीमालक, राजकारणातलं मोठं प्रस्थ, आणि लेकीचं सगळं जग. १८८१ मध्ये ती शिक्षण संपवून घरी आली आणि त्याच उन्हाळ्यात वडीलही अचानक गेले. डॉक्टर व्हायचं म्हणून फिलाडेल्फियाच्या कॉलेजात नाव घातलं, पण पाठ आणि मन दोन्ही खचलं. इस्पितळ झालं, ऑपरेशन झालं, सहा महिने बहिणीच्या घरी पलंगाला खिळून काढले. मनाने खचलेल्या शिकल्यासवरल्या बायकांना तेव्हाचे नामांकित डॉक्टर एकच औषध सांगायचे, ते म्हणजे विश्रांती. जेनकडे पैसा होता, शिक्षण होतं, युरोपच्या दोन वाऱ्याही झाल्या. करायला मात्र काही नव्हतं. मला विचाराल तर तिचं निम्मं दुखणं तेच.

१८८८ मध्ये लंडनला तिने टॉयन्बी हॉल पाहिला. विद्यापीठातले तरुण गरीब वस्तीत घर करून राहत होते. झालं! १८ सप्टेंबर १८८९ ला मैत्रीण एलन गेट्स स्टारला घेऊन ती शिकागोच्या हॉल्स्टेड रस्त्यावर हल हाउस नावाच्या जुन्या वाड्यात राहायला गेली. भोवती इटालियन, ग्रीक, रशियातून आलेले ज्यू अशी पोटासाठी देश सोडलेली माणसं. ही दोघी तिथे शेजारणी म्हणून गेल्या.

वस्तीत सुरुवातीला तिला तीन अपंग मुलं दिसली. एक तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून पडलेलं, दुसरं भाजलेलं. तिसऱ्याची पाठ वाकलेली, कारण आई कामावर जायची आणि त्याला तीन वर्षं रोज दिवसभर स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या पायाला बांधून ठेवलं जायचं. जेवायच्या सुट्टीत मोठा भाऊ कारखान्यातून धावत यायचा, तेवढाच वेळ सुटका. जेनने त्या आयांना नावं ठेवली नाहीत. पाळणाघर काढलं.

घराघरात आणखी एक दुखणं होतं, न दिसणारं. मुलं शाळेत जाऊन झटकन इंग्रजी शिकली आणि आईवडील त्यांना गावंढळ वाटायला लागले. १९०० मध्ये जेनने कष्टकऱ्यांच्या कलांचं एक संग्रहालय मांडलं. तिथे एक इटालियन आई टकळीवर सूत कातून दाखवायची. त्याच इमारतीत तिची मुलगी स्वयंपाकाच्या वर्गाला यायची, पण आईला पुढच्या दारात सोडून स्वतः बाजूच्या दाराने आत शिरायची. डोक्याला रुमाल बांधलेली ही बाई आपली आई, हे मैत्रिणींना कळायला नको ना! एका संध्याकाळी आईभोवती पाहुण्यांचा घोळका जमलेला, सगळे तिच्या कताईचं कौतुक करताहेत, हे मुलीने पाहिलं. ती जेनकडे विचारायला आली. जेनने तिला तिच्या आईच्या डोंगरातल्या गावाबद्दल सांगितलं, कड्याच्या टोकावरून टकळ्या खाली सोडून सूत कातणाऱ्या बायकांबद्दल सांगितलं. त्यानंतर पलंगाखालच्या पेटीत लपवलेले आईचे हातविणीचे कपडे बाहेर निघाले आणि लेक आईच्याच दाराने आत यायला लागली. याला समुपदेशन म्हणायची पद्धत तेव्हा नव्हती, बरं का.

पोरं पोलिसांच्या हाती लागली की मोठ्या गुन्हेगारांबरोबर कोठडीत जायची. जेन, तिची सहकारी ज्युलिया लॅथ्रॉप आणि शिकागोतल्या इतर बायकांनी खटपट केली आणि १८९९ मध्ये मुलांसाठी वेगळं कोर्ट उभं राहिलं, अमेरिकेतलं पहिलं. पण तीच तीच पोरं पुन्हा कोर्टात यायला लागली. मग १९०९ मध्ये डॉ. विल्यम हीली यांना बोलावून मुलांची तपासणी करणारी संस्था काढली. तिचं नाव आजच्या कानांना फार कठोर वाटतं, मुलांना मनोविकृतच ठरवणारं. काम मात्र मायेचं होतं. प्रकृती पाहायची, घरची परिस्थिती समजून घ्यायची आणि मुलाची हकिगत त्याच्याच तोंडून ऐकायची.

जेनचं ऐकणं नुसतं मुलांपुरतं नव्हतं. १९१३ मध्ये अफवा उठली की हल हाउसमध्ये सैतानाच्या रूपातलं बाळ ठेवलंय. सहा मुलींच्या बापाने सातवी मुलगी होण्यापेक्षा घरात सैतान आलेला परवडला असं म्हटलं, म्हणून ते जन्मलं, अशी त्या कथेची एक तऱ्हा होती. (हे वाचताना मला आपलीच गल्ली आठवली.) सहा आठवडे रीघ लागली होती. एक म्हातारी तर निराधारांच्या सरकारी आश्रमातून गाडीभाड्याचे पैसे उसने घेऊन आली. बाळबीळ काही नाही, हे सांगताना जेनलाच वाईट वाटायचं. पण या म्हाताऱ्या तिच्याजवळ बसून नवऱ्याचा मार, गेलेली लेकरं, हाताबाहेर गेलेले मुलगे असं सगळं मोकळं करायच्या. नवऱ्याला आणि मुलांना धाकात ठेवायला असली एखादी कथाच त्या बिचाऱ्यांच्या हातात असायची, हे जेनने ओळखलं आणि १९१६ च्या पुस्तकात लिहूनही ठेवलं.

पहिल्या महायुद्धाला विरोध केला म्हणून लोकांनी तिला देशद्रोही ठरवलं, पुढे त्याच कामासाठी नोबेल दिलं. १९२३ मध्ये ती हिंदुस्थानातही येऊन गेली. २१ मे १९३५ ला शिकागोत वारली.

दुसऱ्याच वर्षी मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची शाळा निघाली, आजची टाटा समाजविज्ञान संस्था. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन गृहस्थ. त्यांनी त्याआधी नागपाड्याच्या कामगारवस्तीत हल हाउससारखंच एक शेजारघर चालवलं होतं. १९३७ मध्ये या शाळेने बालमार्गदर्शन केंद्र काढलं, भारतातलं पहिलं. अशा केंद्रांत मुलाला एकट्याला बोलावत नाहीत, आईवडिलांनाही बोलावतात. तिथे घरातल्या सगळ्यांशी बोलणं होतं.