बालकांच्या कैवारी

रोग जडल्यावर वैद्याकडे धाव घ्यावी, ही रीत जुनीच आहे. परंतु निरोगी बालकाचीही वेळोवेळी तपासणी व्हावी, म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत डॉ. सारा जोसेफाइन बेकर यांचे नाव आदराने घ्यावे लागेल.

त्यांचा जन्म १८७३ साली अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात झाला. सोळाव्या वर्षी विषमज्वराने त्यांचे पितृछत्र हरपले. स्त्रीने डॉक्टर होणे त्या काळी अनेकांना रुचत नसे. तरीही १८९८ साली त्यांनी पदवी संपादन केली.

पुढे त्या न्यूयॉर्क शहराच्या आरोग्यखात्यात रुजू झाल्या. उन्हाळा आला की तेथील गरीब वस्त्यांत अतिसाराने असंख्य तान्ही मुले दगावत. औषध देऊनही ती हाती लागत नसत. म्हणून १९०८ च्या उन्हाळ्यात बेकर यांनी एका वस्तीत निराळाच प्रयोग केला. मूल जन्मल्याची नोंद होताच परिचारिका त्या घरी जाई आणि स्तनपान, मोकळी हवा, रोजचे स्नान यांचे महत्त्व मातेला समजावून सांगे. त्या उन्हाळ्यात तेथे आदल्या वर्षापेक्षा सुमारे १,२०० बालके कमी दगावली!

त्याच वर्षी बालआरोग्याचा स्वतंत्र विभाग निघाला. १९२३ पर्यंत त्याची धुरा बेकर यांनी वाहिली. शाळकरी मुलांची तपासणीही या विभागाकडे होती. आई कामावर गेली की धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या, तुमच्याच वयाच्या मुलींना बालसंगोपनाचे शिक्षण देण्याची सोयही त्यांनी केली.

१९४५ साली त्या निवर्तल्या. मुलांनो, शाळेत डॉक्टर तपासणीस आले, तर बिचकू नका. रोगाला दारातच अडविण्यासाठी ते आलेले असतात.