इलेक्ट्रॉनची फिरकी सोन्याच्या वर्खावर ओळखायला शिकवणारे नेव्हिल मॉट

इलेक्ट्रॉनच्या स्पिनला मराठीत फिरकी म्हणता येईल. इलेक्ट्रॉन काही भोवऱ्यासारखा खरोखर फिरत नाही, पण या गुणामुळे तो इवल्याशा लोहचुंबकासारखा वागतो. सुट्या इलेक्ट्रॉनची ही फिरकी ओळखायची कशी, याचं उत्तर २३ वर्षांच्या एका तरुणाने दिलं. प्रयोगातून ते खरं ठरायला मात्र १४ वर्षं लागली.

नेव्हिल मॉट यांचा जन्म १९०५ साली इंग्लंडमधल्या लीड्सचा. १९२८ मध्ये ते कोपनहेगनला नील्स बोर यांच्याकडे गेले. अणूंची फिरकी तेव्हा चुंबकाच्या मदतीने दिसत होती. सुट्या इलेक्ट्रॉनवर मात्र विद्युतभार असतो. चुंबक त्या भारामुळेच त्याला वळवतो आणि फिरकीचा बारीक परिणाम त्यात बुडून जातो. म्हणून या मार्गाने ती दिसणारच नाही, असं बोर यांचं मत होतं.

मॉट यांनी चुंबक बाजूलाच ठेवला. १९२९ मध्ये त्यांनी गणिताने दाखवलं, की इलेक्ट्रॉन सोन्यासारख्या जड मूलद्रव्यावर आदळवले तर काम होईल. सोन्याच्या अणुकेंद्रात ७९ प्रोटॉन असतात. त्यांच्या जवळून वेगाने जाताना इलेक्ट्रॉनला तिथलं जबरदस्त विद्युतक्षेत्र चुंबकासारखंही जाणवतं. त्यामुळे एका फिरकीचे इलेक्ट्रॉन डावीकडे जास्त विखुरतात, उलट फिरकीचे उजवीकडे. पहिल्या धडकेत अशी निवड होते. त्यातलेच इलेक्ट्रॉन पुन्हा सोन्यावर आदळवले, की डाव्या-उजव्या बाजूची संख्या सारखी राहत नाही.

अनेकांनी प्रयोग केले, पण हा फरक नीट सापडेना. पत्रा थोडा जाड असला तरी इलेक्ट्रॉन आत अनेकदा आपटतो आणि परिणाम पुसट होतो. अखेर १९४३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या क्लिफर्ड शल आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात तो दिसला.

तोवर मॉट धातूंच्या अभ्यासाकडे वळले होते. १९५४ मध्ये ते केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. १९७७ मध्ये नोबेल मिळालं, तेही चुंबकीय आणि अव्यवस्थित रचनेच्या पदार्थांवरच्या कामासाठी. १९९६ मध्ये, वयाच्या ९० व्या वर्षी ते गेले.

तरुणपणीच्या त्या युक्तीला नोबेल मिळालं नाही. पण बिस्मथसारख्या जड मूलद्रव्याच्या पृष्ठभागातून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनची फिरकी मोजायला आजही सोन्याचा पातळ वर्ख लावलेलं एक उपकरण वापरतात. त्याचं नाव मॉट डिटेक्टर.