सेनापतीची अखेरची मोहीम

रणांगणावर अजिंक्य ठरलेला सेनापती पेढीच्या हिशेबवहीपुढे हतबल व्हावा, हा दैवदुर्विलास अमेरिकेच्या यूलिसिस ग्रँट यांच्या वाट्यास आला. यादवी युद्धात संघराज्याला विजय मिळवून देणारे सरसेनापती आणि १८६९ ते १८७७ या काळातील राष्ट्राध्यक्ष म्हणून इतिहास त्यांना ओळखतो. त्यांच्या मोठेपणाची खरी कसोटी मात्र आयुष्याच्या शेवटच्या वर्षी लागली.

ग्रँट यांचा जन्म १८२२ साली ओहायो राज्यात, कातडी कमावण्याचा व्यवसाय करणाऱ्या कुटुंबात झाला. मेक्सिकोच्या युद्धात ते लढले आणि १८४८ मध्ये ज्युलिया डेंट यांच्याशी विवाहबद्ध झाले. पुढे दूरच्या पॅसिफिक किनाऱ्यावर नेमणूक झाली. तुटपुंज्या वेतनात पत्नी व मुलांना तेथे नेणे अशक्य होते. तो विरह असह्य होऊन १८५४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. शेती साधली नाही. सेंट लुईसच्या रस्त्यांवर त्यांनी सरपण विकले, १८५७ मध्ये सोन्याचे घड्याळ २२ डॉलरना गहाण टाकले. तरीही १८५९ मध्ये, आपल्या मालकीच्या एकमेव गुलामाला विकून पैसा उभा करण्याऐवजी त्यांनी त्याला मुक्त केले.

यादवी युद्धाने हे चित्र पालटले. ९ एप्रिल १८६५ रोजी जनरल लीने शरणागती पत्करली, तेव्हा पराभूत सैनिकांना वसंतातील नांगरणीसाठी स्वतःचे घोडे घरी नेण्याची मुभा ग्रँट यांनी दिली. माणसांवर विश्वास टाकणे हा त्यांचा स्वभाव होता. याच स्वभावाने राष्ट्राध्यक्षपदाच्या काळात त्यांचा घात केला. सहकाऱ्यांच्या भ्रष्टाचाराने त्यांच्या कारकिर्दीला डाग लागला.

निवृत्तीनंतरच्या जगप्रवासात ठिकठिकाणी त्यांचे सत्कार झाले. १८७९ मध्ये ते मुंबईसही येऊन गेले. परंतु सत्कारांवर संसार चालत नाही. राष्ट्राध्यक्षपदासाठी लष्करी हुद्दा सोडल्यामुळे त्यांना सैनिकी निवृत्तिवेतन नव्हते. माजी राष्ट्राध्यक्षांना निवृत्तिवेतन देणारा कायदा तर १९५८ साली झाला. मुलगा भागीदार असलेल्या पेढीत त्यांनी सारी पुंजी गुंतवली. दुसरा भागीदार वॉर्ड हा तेच रोखे अनेक ठिकाणी गहाण ठेवून कर्जे उचलीत होता. मे १८८४ मध्ये पेढी बुडाली. ती तारण्यासाठी ग्रँट यांनी व्हँडरबिल्टकडून दीड लाख डॉलर घेतले होते. त्या ऋणापोटी त्यांनी तलवारी व मानचिन्हेही देऊन टाकली.

त्याच वर्षी घशाच्या कर्करोगाचे निदान झाले. पत्नीच्या भवितव्याच्या चिंतेने ग्रँट यांनी आत्मचरित्र लिहावयास घेतले. मार्क ट्वेन यांच्या प्रकाशनसंस्थेने लेखकास उदार वाटा देणारा करार केला. गिळणे यातनामय झाले, आवाज गेला. पण लेखणी थांबली नाही. हस्तलिखित हातावेगळे केल्यावर काही दिवसांतच, २३ जुलै १८८५ रोजी ते निवर्तले. त्या ग्रंथातून ज्युलिया यांना सुमारे साडेचार लाख डॉलर मिळाले.

राष्ट्रासाठी लढलेल्या या माणसाला कुटुंबासाठी मृत्युशय्येवरून लढावे लागले. ती लढाई त्याने जिंकली, हे त्याचे थोरपण. पण ती लढण्याची पाळी त्याच्यावर यावी, याचा दोष केवळ त्याच्या भाबडेपणाला देता येणार नाही. सैनिकाचे पुतळे उभारणाऱ्या समाजाने त्याच्या उतारवयाची तरतूदही करावयास हवी.