गोदूताईंची लेखणी पाड्यावर घडली

वाचकहो, बोईसरहून चिल्हार फाट्याला येऊन अहमदाबाद हायवेला लागलं, की चारोटीच्या पुढे तलासरी तालुका येतो. त्या तालुक्यात झरी नावाचं गाव आहे. गाडीतून जाताना ते तुमच्या लक्षातही येणार नाही. पण या गावाला मराठी साहित्यात कायमची जागा मिळाली आहे. ती मिळवून दिली गोदावरी परुळेकर यांनी. त्यांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक १९७० मध्ये आलं आणि १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं १९६९ मध्ये. म्हणजे इथली वीज आणि इथल्या माणसांचं हे पुस्तक, दोन्ही वर्षभराच्या अंतराने बाहेर पडली. विजेची माहिती सगळ्यांना आहे, पुस्तकाची मात्र आपल्याच जिल्ह्यात फारशी नाही.

तुम्ही म्हणाल, ही काय कादंबरी आहे का? नाही. आहे ती आत्मकथा. पण हातात घेतली की कादंबरीसारखी सुटत नाही. असं का व्हावं, ते समजायला गोदूताईंचं आयुष्य बघावं लागतं.

त्यांचा जन्म १४ ऑगस्ट १९०७ चा, पुण्यातला. माहेरचं आडनाव गोखले. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या नात्यातलं हे घराणं. शिकलेलं, खाऊनपिऊन सुखी. अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन त्या पदवीधर झाल्या, मग कायदा शिकल्या. महाराष्ट्रातल्या पहिल्या महिला कायदा पदवीधर म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. वकिली केली असती तर सुखात दिवस गेले असते. पण १९३२ च्या सुमारास त्या स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगात गेल्या. पुढे नामदार गोखल्यांनीच १९०५ मध्ये स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाच्या पहिल्या महिला आजीव सदस्य झाल्या. मुंबईत त्यांनी साक्षरतेचं काम केलं, घरकामगारांची संघटना बांधली. १९३९ मध्ये शामराव परुळेकरांशी लग्न झालं आणि दोघेही कम्युनिस्ट पक्षात गेले.

इथपर्यंतच्या आयुष्यात शहर आहे, सभा आहेत, कायद्याची पुस्तकं आहेत. शेत नाही आणि पाडाही नाही. तो आला १९४५ मध्ये.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. त्या वेळच्या उंबरगाव तालुक्यातून काही वारली तिथे आले होते. त्यांच्यात माह्या धांगडा होते. त्यांनी आपल्या भागाची हकिगत सांगितली आणि परुळेकर पतिपत्नींची वाट या बाजूला वळली.

ती हकिगत काय होती? शेतकरी बंधूंनो, नीट वाचा. सावकार-जमीनदाराच्या शेतावर फुकट राबायचं, त्याला वेठ म्हणत. लग्नासाठी चार पैसे कर्ज काढलं, की नवरा-बायको दोघंही सावकाराची. त्यांना लग्नगडी म्हणत. कर्ज फिटायचं नाही आणि गडी सुटायचा नाही. एका लग्नाच्या पैशात कित्येकांचा जन्म गेला.

२३ मे १९४५ ला झरीला परिषद झाली. हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही, असं ठरलं. मग मजुरीची मागणी पुढे आली. शेतकामाला दिवसाला १२ आणे, आणि ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये. ५०० पौंड म्हणजे आजच्या हिशेबात सव्वादोन क्विंटल. ज्यांनी गवत कापलंय त्यांना सांगायला नको, की सव्वादोन क्विंटल कापताना कंबर कशी धरते.

१० ऑक्टोबर १९४५ ला तलवाडा इथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. ५ जण गेले. जेठ्या गांगड त्यातलाच एक. परुळेकरांना जिल्ह्याबाहेर काढलं गेलं. तरी लढा थांबला नाही. वेठ आणि लग्नगडीची पद्धत मोडली ती मोडलीच.

आता मुद्द्याचं सांगतो. शामरावांनी याच उठावावर १९४७ मध्ये इंग्रजीत एक पुस्तिका काढली. गोदूताईंचं मराठी पुस्तक यायला मात्र लढ्यानंतर २५ वर्षं गेली. मधल्या काळात तुरुंगवास झाला. शामराव १९५७ मध्ये ठाण्यातून खासदार झाले आणि १९६५ मध्ये तुरुंगातच वारले. गोदूताईंच्या स्वतःच्या तुरुंगवासावर 'बंदिवासाची आठ वर्षे' हे त्यांचं वेगळं पुस्तक आहे. एवढं सोसून झाल्यावर लिहिलेल्या पानांत राग असणारच. पण रागापेक्षा जास्त आहे ती माणसांची ओळख.

सुरुवातीला या बाईंशी कोणी बोलायला धजत नव्हतं. पांढरपेशा माणूस आला म्हणजे काहीतरी संकट आलं, हाच वारल्यांचा अनुभव. मग गोदूताई पाड्यापाड्याने पायी फिरल्या, त्यांच्याच झोपडीत राहिल्या, जे पुढ्यात येईल ते खाल्लं. सभेत ठोकायचं भाषण कुडाच्या घरात चालत नाही, हे त्यांना तिथे कळलं असणार. म्हणूनच पुस्तकाची भाषा साधी आहे. अवघड शब्द नाहीत, अलंकार नाहीत. शिकलेल्या वकिलाची नजर मात्र जागोजाग दिसते. किती मजुरी, किती कर्ज, कोणत्या कामाला काय मोबदला, याचा हिशेब त्या सोडत नाहीत. चुलीपाशी बसलेली पाहुणी आणि हिशेब मांडणारी वकील, अशा दोघी मिळून हे पुस्तक लिहितात. पुण्यात राहून हे जमलं नसतं, आणि कायदा शिकल्या नसत्या तरी जमलं नसतं.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवून वाचा. पुस्तक लढ्यात उतरलेल्या बाईचं आहे, त्रयस्थाचं नाही. वारली माणसं त्यात बोलतात ती गोदूताईंच्या लेखणीतून. त्या वेळी त्यांच्या हाती स्वतःची लेखणी नव्हती. आज त्यांची नातवंडं-पतवंडं शाळा-कॉलेजात आहेत, बोईसरच्या कारखान्यांत कामाला आहेत. आपल्या आजा-आजीची गोष्ट त्यांनी स्वतः लिहिली, तर हे पुस्तक खऱ्या अर्थाने पुरं होईल.

विस्तार कार्यात असल्यामुळे मलाही या पुस्तकाने शहाणं केलं. पाड्यावर जायचं, हेक्टरी खत किती ते घडाघडा सांगायचं, माणसं मान डोलावतात आणि आपण समाधानाने परत येतो. पुढच्या फेरीला बघावं तर शेतात काही बदललेलं नसतं. दोष माणसांचा नसतो. त्यांचं ऐकून न घेता आपण बोललेलो असतो. आता मी आधी ओट्यावर बसतो. आवण कसं आहे, यंदा खावटीची सोय झाली का, ते विचारतो. खताचं नंतर.

गोदूताई ८ ऑक्टोबर १९९६ ला गेल्या. तलवाड्याच्या गोळीबाराची तारीख दोन दिवसांवर होती. वाचकहो, भाताची कापणी तोंडावर येते तेच हे दिवस. गावच्या वाचनालयात 'जेव्हा माणूस जागा होतो' आहे का, ते एकदा विचारा. नसेल तर मागवायला सांगा. घरात कोणी म्हातारं माणूस असेल, तर त्याच्यापाशी बसून चार पानं मोठ्याने वाचा आणि मग गप्प राहा. पुढची गोष्ट ते सांगतील. ती लिहून ठेवा.