सेवाव्रती सावित्रीबाई

सावित्रीबाई फुले म्हटले की डोळ्यांपुढे येते ती भिडेवाड्यातील १८४८ ची मुलींची शाळा. इस्पितळात रात्रंदिवस राबणाऱ्या परिचारिकांचा विचार करताना मात्र त्यांच्या आयुष्याची दुसरी बाजू आठवते. परिचर्येचे शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. पण रुग्णसेवा करता करताच त्यांचा अंत झाला.

३ जानेवारी १८३१ रोजी नायगावी त्यांचा जन्म झाला. १८५६ साली, शाळांचे काम चालू असतानाच, त्या आजारी पडल्या व माहेरी गेल्या. तेथे भावाने त्यांची शुश्रूषा केली. १० ऑक्टोबरला त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिले. पुण्यात आपल्यामागे फातिमा शेख यांच्यावर कामाचा भार पडला असेल, याची काळजी त्या पत्रात आहे. पुरते बरे वाटताच परतण्याचा मनोदयही त्यांनी कळवला. त्या विसावू शकल्या, कारण मागे काम सांभाळणारी मैत्रीण होती.

पुढे १८७६-७७ चा दुष्काळ पडला. आपल्या डिंभ्याच्या शेजारच्या जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे त्या मदतकार्यात होत्या. २० एप्रिल १८७७ चे त्यांचे पत्र तेथूनच लिहिलेले आहे. उपाशी माणसे गाव सोडून चालली होती. कार्यकर्त्यांना अटक झाली, तेव्हा त्यांनी कलेक्टरपुढे निर्भयपणे बाजू मांडून त्यांना सोडवले.

१८८८ मध्ये जोतीरावांना पक्षाघात झाला आणि २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. सावित्रीबाई खचल्या नाहीत. सत्यशोधक समाजाची धुरा त्यांनी उचलली.

१८९७ च्या आरंभी पुण्यात प्लेगने थैमान घातले. दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना उघडला. सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाई तेथे रुग्ण आणू लागल्या. मुंढव्याच्या गायकवाडांच्या आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचवले. त्याच साथीने त्यांना गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

हा त्याग वंदनीय खराच. परंतु अंगात ताप असताना कामावर उभ्या राहणाऱ्या परिचारिकेला केवळ त्यागमूर्ती म्हणून हात जोडणे पुरेसे आहे काय? १८५६ सालच्या सावित्रीबाईंना भावाची शुश्रूषा लाभली, फातिमाबाईंचा आधार लाभला, म्हणून पुढची चाळीस वर्षे समाजाला त्यांची सेवा लाभली. सेवा करणाऱ्या हातांनाही विसावा हवा, आणि तो देणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.