दाबाला काटा देणारा यंत्रकार

टर्बोचार्जर असलेल्या मोटारीत जादा गेज बसवायचे ठरले की बहुतेकांचे लक्ष प्रथम तबकडीच्या रंगाकडे आणि रात्री उजळणाऱ्या दिव्याकडे जाते. तबकडीच्या मागे काय आहे, याची चौकशी क्वचितच होते. यांत्रिक पद्धतीचे गेज उघडले तर आत धातूची एक चपटी, कमानीसारखी वाकवलेली नळी दिसते. पंक्चर काढणाऱ्याच्या कॉम्प्रेसरवरील गोल मापकात हीच नळी असते आणि रुग्णालयातील प्राणवायूच्या सिलिंडरवरही तीच. कारखान्यांमध्ये तिला बोर्डन ट्यूब म्हणतात. हे नाव युजीन बूर्दाँ या फ्रेंच यंत्रकाराचे आहे. मोटार जन्माला येण्याआधीच त्यांचे निधन झाले. तरीही कोणते मापक निवडावे आणि त्यावर किती विसंबावे, या आजच्या प्रश्नाचा धागा त्यांच्या चरित्रात सापडतो.

बूर्दाँ यांचा जन्म ८ एप्रिल १८०८ रोजी पॅरिसमध्ये एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. मुलाने व्यापारातच यावे अशी वडिलांची इच्छा होती. त्यासाठी जर्मन भाषा शिकायला त्यांना न्यूरेंबर्गला पाठवण्यात आले. मात्र त्यांचा ओढा हिशेबाच्या वह्यांपेक्षा यंत्रांकडे होता. वडिलांच्या मृत्यूनंतर त्यांनी चष्मे व उपकरणे बनवणाऱ्या एका कारागिराकडे उमेदवारी केली आणि १८३२ मध्ये पॅरिसमध्येच स्वतःचा छोटा कारखाना काढला. तीन वर्षांनी तो फोबूर द्यु ताँप्ल या कारागिरांच्या वस्तीत हलवला. घड्याळजीचे बारीक काम आणि इंजिन बनवणाऱ्याचे जड काम, दोन्हींत त्यांचा हात बसला होता. वाफेचे इंजिन आतून कसे चालते हे विद्यार्थ्यांना दिसावे म्हणून काचेच्या सिलिंडरचा नमुना त्यांनी घडवला होता. बंद यंत्रात दडलेली हालचाल डोळ्यांना दिसावी, हा ध्यास तेव्हापासूनचा.

तो काळ वाफेचा होता. कारखाने, आगबोटी आणि नव्याने सुरू झालेल्या आगगाड्या, सगळ्यांच्या पोटात बॉयलर धगधगत होते. दाब किती चढला हे वेळेत कळले नाही तर बॉयलर फुटत आणि आसपासची माणसे दगावत. सुरक्षा झडप असे. पण जास्त ताकद मिळावी म्हणून तिच्यावर वजन टाकून ती दाबून ठेवण्याचे प्रकारही घडत. दाब मोजण्याचे खात्रीचे साधन म्हणजे पाऱ्याचा स्तंभ. वातावरणाच्या एका दाबासाठी ७६ सेंटिमीटर पारा, या हिशेबाने पाच पट दाब मोजायला ३.८ मीटर उंचीची काचेची नळी लागे. कारखान्याच्या भिंतीवर ती कशीबशी उभी करता येई. धडधडत धावणाऱ्या इंजिनावर ती टिकणे अशक्यच होते. बंद तोंडाच्या आखूड नळ्याही वापरात होत्या. पण दाब वाढेल तशा त्यांच्यावरील खुणा इतक्या दाटीने येत की नेमका आकडा वाचणे कठीण होई. म्हणजे जिथे धोका मोठा, तिथेच माप अंधूक.

या अडचणीवरचा उपाय बूर्दाँ यांना एका बिघाडाने दाखवला. पुढे त्यांनी स्वतःच सांगितलेल्या हकिकतीनुसार, वाफेच्या एका यंत्रासाठी ते नळीचे वेटोळे तयार करत होते. वाकवताना नळी चेपली आणि तिची गोलाई बिघडली. ती पूर्ववत करण्यासाठी त्यांनी एक टोक बंद केले आणि दुसऱ्या टोकातून पंपाने पाणी दाबले. नळी फुगून गोल होऊ लागली. पण त्याबरोबरच तिचे वेटोळेही उलगडू लागले. दुसऱ्या एखाद्या कारागिराने बिघडलेला माल म्हणून ती नळी बाजूला फेकली असती. बूर्दाँ मात्र मोकळ्या टोकाच्या हालचालीकडे पाहत राहिले. दाब वाढेल तितके टोक सरकत होते आणि दाब उतरला की मागे येत होते.

त्यांनी केलेल्या उपकरणाची रचना या निरीक्षणाइतकीच सरळ आहे. चपट्या छेदाची नळी कमानीत वाकवायची, एक टोक पक्के बसवून त्यातून दाब आत घ्यायचा आणि दुसरे टोक बंद करून मोकळे सोडायचे. दाबामुळे छेद गोल होऊ पाहतो आणि कमान सरळ होऊ लागते. टोकाची ती इवलीशी हालचाल दांडी आणि दात्यांच्या साहाय्याने वाढवून काट्याला दिली जाते. पारा नको, लांब काच नको आणि हादऱ्यांची फारशी भीती नको. जून १८४९ मध्ये त्यांनी या दाबमापकाचे पेटंट घेतले. १८५१ च्या लंडनमधील जागतिक प्रदर्शनात त्याला सर्वोच्च दर्जाचे पदक मिळाले आणि फ्रान्सने बूर्दाँ यांना लीजन ऑफ ऑनर देऊन गौरवले. पुढच्याच वर्षी एडवर्ड ॲशक्रॉफ्ट यांनी अमेरिकेतील हक्क विकत घेतले आणि ही तबकडी तिकडच्या बॉयलरवरही दिसू लागली.

यशाबरोबर वादही आला. हवा काढलेल्या धातूच्या डबीपासून वायुभारमापक बनवणारे ल्युसियाँ विदी यांचे पेटंट १८४४ चे होते. बूर्दाँ यांनी आपल्या नळीचा वापर वायुभारमापकासाठीही केला, तेव्हा मूळ कल्पना आपलीच आहे असा दावा करत विदी न्यायालयात गेले. हा लढा वर्षानुवर्षे चालला आणि अखेर विदी यांची बाजू सरस ठरली. त्या निकालाने बूर्दाँ यांच्या कामाचे मोल मात्र कमी झाले नाही. बॉयलरवर टिकली ती त्यांचीच नळी.

तरीही अनुभवी बॉयलरवाल्यांनी एकट्या काट्यावर कधी भिस्त ठेवली नाही. बॉयलरमधील पाणी आटले की पत्रा उघडा पडतो, तापून नरम होतो आणि नेहमीच्या दाबालाही फाटू शकतो. त्या क्षणी दाबाचा काटा अगदी योग्य जागी उभा असू शकतो. म्हणून त्याच्या शेजारी पाण्याची पातळी दाखवणारी काचनळीही लागतेच. मापक खोटे बोलत नाही. पण जे मोजण्यासाठी ते बनवले आहे, त्यापलीकडचे काही ते सांगूही शकत नाही.

१८७२ मध्ये बूर्दाँ यांनी कारखाना मुलाच्या हाती सोपवला. पण प्रयोग थांबवले नाहीत. उतारवयात ते वाऱ्याचा वेग मोजणारी उपकरणे तयार करण्यात गुंतले होते. २९ सप्टेंबर १८८४ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. जानेवारी १८८६ मध्ये कार्ल बेन्झ यांनी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९०५ मध्ये स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी वाया जाणाऱ्या एक्झॉस्ट वायूने टर्बाइन फिरवून इंजिनात जास्त हवा कोंबण्याची कल्पना पेटंट केली. १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबाइल जेटफायर ही टर्बो मोटार बाजारात आली. इंजिन पुन्हा दाबाखाली आले आणि बॉयलरवरचा जुना प्रश्न चालकासमोर उभा राहिला.

या प्रश्नाचे पहिले उत्तर बूस्ट गेज. मॅनिफोल्डमधील हवेचा दाब ते दाखवते. वेस्टगेट अडकून दाब बेसुमार चढला किंवा होज फाटून तो उतरला, तर काटा लगेच सांगतो. मात्र तबकडीचा पल्ला इंजिनाला साजेसा हवा. सर्वाधिक बूस्ट १ बार, म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय असेल, तर ३० पीएसआयचे मापक पुरेसे आहे. ६० चे घेतले तर काटा पहिल्या पाव भागातच घुटमळतो आणि बारीक फरक डोळ्यांना कळत नाही. उलट पल्ला अपुरा पडला तर नळी तिच्या लवचिकतेच्या पलीकडे ताणली जाते आणि कायमची वाकडी होते. पेट्रोल इंजिनाला शून्याखालचा निर्वातही दाखवणारे मापक उपयोगी पडते. डिझेलमध्ये त्याची गरज फारशी नसते.

बूस्टचा काटा इंधनाबद्दल मात्र काहीच सांगत नाही. पाण्याच्या पातळीची जुनी गोष्ट इथे पुन्हा आठवते. बूस्ट वाढवलेल्या पेट्रोल इंजिनात हवा जास्त आणि इंधन कमी पडले तर पिस्टन वितळू शकतो, आणि तेव्हाही बूस्टचा काटा योग्य जागीच असतो. त्यामुळे दुसरे मापक हवा-इंधन प्रमाणाचे आणि तेही वाइडबँड सेन्सरचे असावे. साधा सेन्सर १४.७ ला १ या प्रमाणाच्या आसपासच विश्वासार्ह असतो. पूर्ण बूस्टवर पेट्रोल इंजिनाला साधारण ११ ते १२ लागतात. डिझेलमध्ये जादा इंधनाने उष्णता वाढते, म्हणून तिथे एक्झॉस्टच्या तापमानाला मान द्यावा. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे तेलाच्या पातळ थरावर घेतो, त्यामुळे तेलाच्या दाबाचे मापक दोन्हींत मोलाचे. फेरफार न केलेल्या मोटारीत तर बूस्टपेक्षा तेच अधिक उपयोगाचे ठरते.

यांत्रिक बूस्ट गेज स्वस्त आणि वीज न लागणारे असते. फक्त होज दुमडू नये, चिरू नये. तेलाच्या दाबासाठी मात्र गरम तेलाची नळी केबिनमध्ये आणण्यापेक्षा इंजिनावर सेन्सर बसवलेले विद्युत मापक बरे. तबकडी कुठेही बसवली तरी रस्त्यावरून नजर फारशी न हलवता ती दिसायला हवी.

बसवून झाल्यावर एक तपासणी उरते. इंजिन बंद असताना बूस्टचा काटा शून्यावर येतो का, हे पाहावे. वेटोळे उलगडले तेव्हा बूर्दाँ यांनी जितके टोकाच्या पुढे जाण्याकडे पाहिले, तितकेच त्याच्या परत येण्याकडेही. बंद इंजिनावर शून्याला न परतणाऱ्या काट्यावर चालत्या इंजिनाचा भरवसा ठेवता येत नाही.